सोबतीचं पाणी

"दोन गिलास आणा, माय. मी एकटी पाणी पीत न्हाई."

कुठल्याही घरात गेल्या की सिस्टरांचं पहिलं वाक्य हेच असे. चपला दाराबाहेर काढायच्या, त्या एकमेकींना चिकटवून भिंतीशी लावायच्या, पदर कमरेला खोचायचा आणि कुणी खुर्ची पुढे केली तरी भुईवरच बसायचं. नाव, गाव, काम हे सगळं नंतर. आधी पाणी. दोन गिलास आले की एक स्वतःच्या हातात ठेवायचा आणि दुसरा कोपऱ्यातल्या बाजेकडे न्यायचा. तिथे कानाला फडकं बांधलेली बाळंतीण पडलेली असे. "घे गं बाई, सोबत कर मला," असं म्हणून तो तिच्या हातात द्यायचा.

तुम्ही चाकूर-उदगीरकडच्या एसटीने फिरला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पन्नाशीची, बुटकी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई. मांडीवर कापडी पिशवी. संशोधनाला निघालेली बाई अशी दिसते असं तुम्हाला वाटलं नसतं. लग्नाचं आवतण द्यायला निघाल्यासारखी दिसायची. शेजारी बसलेल्या बाईला पहिला थांबा येईपर्यंत लेकरं किती ते विचारलेलं असे, आणि दुसरा थांबा येईपर्यंत त्यातलं कुठलं कुणाच्या हातावर झालं तेही.

त्या नांदेडच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवत. बाळंतिणीच्या खाण्यापिण्याबद्दल घराघरांत काय समजुती आहेत आणि त्या समजुती घेऊन आलेल्या बाईशी दवाखान्यातल्या नर्सने कसं वागावं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. बायकांचं बोलणं त्या मोबाइलवर टिपून घेत, आणि ते जसंच्या तसं कागदावर उतरवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. मी हदगावची. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मोर्चाला निघाले की गठ्ठा माझ्या डोक्यावर. नोकरी नव्हती म्हणून मी सिस्टरांकडे गेले.

"काय काय येतं तुला?" त्यांनी विचारलं.

"लिहिता येतं. भांडता येतं."

"ऐकता येतं का?"

"शिकेन."

"मग ये सोमवारी. भांडण घरी ठेवून ये."

"ते जमणार नाही."

त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि हसल्या. "बरं, आण. पण पिशवीत ठेव." तेव्हापासून माझं नाव पत्रकवाली पडलं.

पहिल्याच घरात भांडण पिशवीतून बाहेर यायला लागलं. आमच्या भागात पुष्कळ घरी बाळंतिणीला सुरुवातीचे दिवस साधं पाणी देत नाहीत. पोट सुटतं, कोठा ओला राहतो, अंगावर पिणाऱ्या लेकराला सर्दी होते, असं म्हणतात. बाजेखाली शेगडी, खिडकीला गोधडी, बाहेर ऊन आणि आत ती बाई कोरड्या जिभेने ओठ चाटत पडलेली. तिची सासू हे सगळं सिस्टरांना कौतुकाने सांगत होती. मी तोंड उघडलं. सिस्टरांनी पायाने माझा पाय दाबला.

"ऐकू तर दे," त्या पुटपुटल्या. आणि सासूकडे वळून म्हणाल्या, "मग अजून काय काय देत न्हाईत, माय?"

परतीच्या एसटीत मी त्यांना सोडलं नाही. "तुम्ही नर्स आहात. ती पोरगी तहानलेली होती आणि तुम्ही तिच्या सासूला सगळं बैजवार विचारत बसलात!"

 मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्या बाळंतपणाच्या वॉर्डात ड्यूटीला होत्या. एका बाळंतिणीच्या हातातला पाण्याचा गिलास तिच्या सासूने काढून घेतला. सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर त्या म्हातारीवर ओरडल्या. अडाणी म्हणाल्या. वॉर्ड हसला. सकाळी बघतात तर खाट रिकामी. घरच्यांनी बाईला उचलून गावाकडे नेलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय न्हाई. पुढचं मला म्हाईत न्हाई. जगली का, लेकरू जगलं का, काहीच म्हाईत न्हाई." त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "मी बरोबर होते गं. पार बरोबर. अन् खाट रिकामी होती."

मला ते पटलं नव्हतं.

चाकूरच्या पुढे आत एका गावात गयाबाईंचं घर होतं. त्यांची सून रेणुका पहिलटकरीण, अठरा-एकोणीस वर्षांची. मुलगी झाली होती. गयाबाई म्हणजे घरातला कायदा. आवाज असा की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची.

"साधं पाणी न्हाई म्हणता," सिस्टर म्हणाल्या, "मग काय चालतं?"

"काढा चालतो की. ववा, शेपा टाकून उकळलेला."

"मग त्योच द्या. तिला दूध यायचं तर पोटात पातळ जायला पायजे. भरपूर द्या."

बाहेर पडल्यावर मी भडकले. "सिस्टर, हे अंधश्रद्धेला खतपाणी घालणं आहे."

"घालून राहिले की. पाणी तर गेलं ना तिच्या पोटात?"

"पाण्याला पाणी म्हणायची सुद्धा चोरी?"

"तू म्हण ना. मोठ्यानं म्हण. पण तिच्या घशाखाली उतरू दे आधी."

चार-पाच दिवसांनी आम्ही परत गेलो. रेणुकाचे ओठ फुटले होते, अंग तापलेलं होतं. लेकरू छातीला लागायचं, सोडायचं आणि रडायचं. सिस्टरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, पापणी खाली ओढून बघितली. मग गयाबाईंना विचारलं, "काढा देता ना, माय?"

"देतो की! सांगितल्यापासून एक येळ चुकवला न्हाई. सकाळी दोन चमचे, सांजच्याला दोन चमचे."

"चमचे?"

"औषध हाय ना त्ये, शिस्टर. औषध का कुनी तांब्यानं पितंय?"

गयाबाईंच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. त्यांनी कसूर केली नव्हती. सिस्टरांनीच पाण्याला औषध केलं होतं आणि औषधाला माप असतं. मी सिस्टरांकडे बघितलं. त्या आधी हसल्या, अगदी मोठ्याने. मग उठून परसात गेल्या. मी मागे गेले, तर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि पदर डोळ्यांना लावलेला होता.

"सरळ सांगू या त्यांना," मी म्हटलं.

"थांब."

त्या आत आल्या आणि रेणुकाच्या बाजेला टेकून भुईवर बसल्या. "लई ऊन लागलं, माय. पाणी दे."

गयाबाईंनी स्टीलचा गिलास भरून आणला. सिस्टरांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून बसल्या.

"पी की गं."

"एकटीच्या घशाखाली उतरत न्हाई. आमच्या उदगीरच्या घरी अव्वा, माझी आई, म्हणायची, पाव्हण्याला एकट्याला पाणी पाजू नये. कुणीतरी सोबत करावी."

"मी पिते की तुझ्या संगं."

"तू घरची मालकीण. तू वाढणारी. ही बसलीय रिकामी, हिला करू दे सोबत."

गयाबाई चौकटीत उभ्या राहिल्या. एका बाजूला बाळंतिणीचं पथ्य, दुसऱ्या बाजूला दारी आलेली, घामाने भिजलेली पाहुणी, हातात भरलेला गिलास असून तहानलेली. आपल्या घरून पाहुणी पाण्यावाचून उठून गेली हे गावात कळलं तर काय, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला सरळ दिसत होता.  सिस्टरांनी नुसता पदराने गळा पुसला.

गयाबाई चुलीकडे गेल्या आणि दुसरा गिलास घेऊन आल्या. "कोंबट हाय," त्या दुसरीकडेच बघत म्हणाल्या. "अन् अर्धाच हाय."

रेणुका प्यायली. कशी प्यायली ते मला लिहिता येत नाही. सिस्टर तिच्या घोटाला घोट लावून पीत होत्या, ती थांबायच्या आधी आपला गिलास संपू नये म्हणून. संपल्यावर म्हणाल्या, "माझं काय भागलं न्हाई बाई. अजून आण. दोन्ही भर." मग तापाचं निमित्त करून त्यांनी रेणुकाला तपासायला आरोग्य केंद्रात न्यायला लावलं. तिथेही बाकड्यावर बसून सोबत पाणी. निघताना गयाबाईंना बजावून आल्या, "मी नसले तर तू बस तिच्यासंगं. एकटीला पाजू नको."

एसटीत मी विचारलं, "अव्वा खरंच असं म्हणायच्या?"

"न्हाई गं. अव्वा म्हणायची, पाणी बसून पी. तेवढंच." आणि खो खो हसल्या. "लिही तुझ्या पत्रकात. संशोधन करणारी बाई खोटं बोलली."

त्यांच्या मार्गदर्शकांना हे कळलं तेव्हा ते रागावले. संशोधकाने निरीक्षण करायचं असतं, मध्ये पडायचं नसतं, असं म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "निरीक्षणच करून राहिले होते की, सर. पाणी पिता पिता."

तेव्हापासून प्रत्येक घरात दोन गिलास. युक्ती लागू पडायची हे मी स्वतः पाहिलं आहे. तरीही आमचं भांडण मिटलं नाही. मी म्हणायचे, तहान लागली म्हणून बाईला पाणी मिळालं पाहिजे. पाहुणी आली म्हणून नव्हे, सोबत हवी म्हणून नव्हे. पाणी हा तिचा हक्क आहे. पाहुण्याच्या मानातला उरलासुरला वाटा नाही. आजही मी हेच म्हणते.

"हाव, हक्कच हाय," सिस्टर म्हणायच्या. "तू ते पत्रक लिही. तवर मी पाणी पाजते."

या दोन गिलासांवरून एकदा आमचं खरंखुरं वाजलं. उदगीरकडे एक मोठं घर होतं, अंगणात ट्रॅक्टर, दाराला नक्षी. घरच्या बाईंनी आधी आडनावं विचारली. सिस्टर उदगीरच्या मोंढ्यातल्या लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातल्या. माझं आडनाव ऐकल्यावर बाईंच्या तोंडावर जे झालं ते आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं आहे. सांगितल्याप्रमाणे दोन स्टीलचे गिलास आले, एक सिस्टरांना, एक बाळंतिणीला. आणि मला एक कागदी कप, लग्नात वाटतात तसला.

सिस्टरांनी काही न बोलता माझ्या हातातला कागदी कप काढून घेतला आणि आपला स्टीलचा गिलास माझ्या हातात दिला.

मी तो खाली ठेवला आणि बाहेर गेले.

त्या मागोमाग आल्या. लिंबाच्या झाडाखाली मी त्यांच्यावर जे ओरडले ते घरात ऐकू गेलं असणार, जावंच अशी माझी इच्छा होती. "मला गिलास बदलून नको होता, सिस्टर. मला भांडण हवं होतं. तुमची युक्ती बाळंतिणीला चालेल, मला चालणार नाही. मी काय आजारी आहे का, की गुपचूप पाजायचं?"

त्यांनी माझं संपेपर्यंत ऐकलं. मग वळून परत आत गेल्या. मला वाटलं, मुलाखत पुरी करायला गेल्या. पण पिशवी घेऊन लगेच बाहेर आल्या.

"काय झालं?"

"म्हणलं त्यांना, ज्या घरात माझ्या लेकीला गिलास न्हाई त्या घरचं पाणी मला पचत न्हाई. अन् पाणी पचत न्हाई तर बोलणं काय पचंल."

"आणि मुलाखत?"

"गेली." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "तुझं भांडण व्हतं, मी मधीच बुजवून टाकलं. पुन्हा असं करणार न्हाई."

लेकीला, असं म्हणाल्या होत्या. ते मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

त्या दिवशी दाराबाहेर चपला घालताना त्यांचा पाय आत जाईना. टाच बाहेर ठेवून, पट्टा तुडवत त्या रस्त्यापर्यंत आल्या.

"चप्पल आखडली वाटतं," मी म्हटलं.

"हाव. कातडं उन्हानं आखडतं." आणि आम्ही दोघी हसलो.

कातडं आखडलं नव्हतं. पाय सुजले होते. पुढे चेहरा सुजला, मग धाप लागायला लागली. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. रक्तदाबाने, असं डॉक्टर म्हणाले आणि ते खरंच असेल. पण मला त्यांनी सांगितलेलं आठवतं. बाळंतपणाच्या वॉर्डात ड्यूटी असली की त्या सकाळपासून पाणी पीत नसत. त्यांच्यासोबतची कुणीच पीत नसे. प्यायलं तर जावं लागतं, जायला नर्सना धड जागा नाही आणि खाटा सोडून जायला वेळही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना सलाइन लावणाऱ्या बायका स्वतः कोरड्या घशाने उभ्या. मी डॉक्टर नाही. पण अशा बायका आजाराने गेल्या एवढंच लिहून कुणी हात झटकले, तर मी गप्प बसणार नाही.

नांदेडला त्यांचं डायलिसिस सुरू झालं. आणि त्यांना पाणी बंद झालं. अगदी बंद नव्हे, पण मोजकं. एका छोट्या बाटलीला चिकटपट्टी लावलेली होती. दिवसभरात त्या पट्टीपर्यंत. गोळ्यासुद्धा त्यातच गिळायच्या. जास्त प्यायलं तर पाणी फुप्फुसात साठायचं.

त्यांची जीभ लाकडासारखी झाली होती. एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोणी तरी सासू झालंय बघ माझी." मी हसले नाही. त्यांनीच हसून घेतलं, तर ओठाची भेग फुटून रक्त आलं. मी ओल्या कापडाने ते टिपलं.

"रेणुकाला पुन्हा दिवस गेलेत, म्हाईत हाय ना?" त्या म्हणाल्या. "तिचा फोन आला व्हता. मी शब्द दिलाय, दुसऱ्या खेपेला मी येते म्हणून."

"मग जाऊ आपण."

"तू जा. मी गेले न्हाई तर ती पाणी प्यायची न्हाई."

"गयाबाई देतील आता. शिकल्या त्या."

"गयाबाई देईल. ती मागायची न्हाई. मी तिला मागायला शिकवलंच न्हाई." त्या छताकडे बघत होत्या. "तू म्हणत व्हतीस ते."

मला हे जिंकणं नको होतं. त्यांनी उठून बसावं आणि माझ्याशी भांडावं, एवढंच मला हवं होतं.

मी शेवटची गेले ती वेळ दुपारची होती. बाहेर ऊन रणरणत होतं, मी बस स्टँडवरून चालत आले होते. बाटलीतलं पाणी पट्टीपर्यंत उतरलेलं होतं, म्हणजे त्यांचा दिवसाचा वाटा संपला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दोन गिलास आण."

"सिस्टर, तुमचं झालंय आजचं."

"आण तर."

मी दोन गिलास आणले. एक भरलेला, एक रिकामा. रिकामा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीवर धरला.

"आता पी. तू उन्हातनं आलीस."

"तुमच्यासमोर नाही पिणार."

"एकटी न्हाईस तू. मी हाय ना सोबत." मी गिलास ओठांना लावला. त्यांनी डोळे मिटले. "अशी चोरून नको. घटाघटा पी. मला ऐकू दे."

मी प्यायले. घशातून आवाज करत सगळा गिलास संपवला. मिटल्या डोळ्यांनी त्या ऐकत होत्या, आणि प्रत्येक घोटाला त्यांचा गळा हलत होता.

त्यानंतर मी पोचायच्या आत त्या गेल्या. त्यांच्या थोरल्या भावाने उदगीरला नेऊन त्यांच्या रिवाजाप्रमाणे बसवून माती दिली. पाणी बसून पी म्हणणाऱ्या अव्वाची लेक, मातीतही बसूनच गेली. प्रबंध टाइप होऊन कॉलेजात पडून आहे. त्याचं पुढे काय होणार ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

रेणुका बाळंत झाल्याचं कळलं तेव्हा मी चाकूरची एसटी धरली. सिस्टर गेल्याचं तिकडे कुणाला माहीत नव्हतं. फोनवर सांगणं मला जमलं नव्हतं. जाऊन सांगायचं असं मी ठरवलं होतं. खरं ते तोंडावर सांगायचं, हे मी घरातूनच शिकून आले होते.

दारात चपला काढल्या. का कोण जाणे, एकमेकींना चिकटवून भिंतीशी लावल्या. गयाबाई पुढे आल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"आलीस का, माय! शिस्टर कुठंय? चपला लावून राहिली का भाईर?"

 गयाबाईंनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईने हळूच विचारलं, "गेली?" मी मान हलवली. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. मग माझा दंड पकडून कानाशी आल्या. "आत बोलू नको. वली बाळंतीण हाय. असलं कानावर गेलं की दूध आटतं."

मला सांगायचं होतं की असं काही नसतं. मला सांगायचं होतं की रेणुका माणूस आहे, तिला कळायला हवं. सगळं ओठांवर आलं होतं. पण पायावर कुणाचा तरी पाय पडल्यासारखं झालं आणि मी आत गेले.

रेणुका बाजेवर उठून बसली होती. कुशीत मुलगा, कानाला फडकं. खिडकीची गोधडी मात्र काढलेली होती. थोरली मुलगी भुईवर खेळत होती. रेणुका दाराकडेच बघत होती.

गयाबाई चुलीकडून ताट घेऊन आल्या. ताटात तीन गिलास. तिन्ही स्टीलचे, तिन्ही सारखे, तिन्ही काठोकाठ. मी येणार हे फोनवर कळल्यावर रेणुकाने सकाळीच घासून ठेवायला लावले होते. एक माझ्या हातात दिला, एक तिच्या. तिसरा ताटातच राहिला.

रेणुकाने गिलास घेतला आणि मांडीवर धरून ठेवला.

"पी," मी म्हटलं.

"येऊ द्या की सिस्टरला. त्यांच्यासोबत पिते." तिचे ओठ कोरडे होते. "सकाळपासून थांबलेय त्यांच्यासाठी."

गयाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढे केलेली खुर्ची सोडून मी बाजेला टेकून भुईवर बसले. पाणी मनगटावर सांडलं. "रेणुका, तहान लागली की कुणाची वाट बघायची नसते. आपलं आपण मागायचं आणि प्यायचं. सिस्टरांनी मला हे तुला सांगायला लावलंय."

"त्या सांगतील की आल्यावर."

 यावरचं उत्तर कुठल्याच पत्रकात नव्हतं.

"घे," मी म्हटलं. "सोबत कर मला. मी एकटी पाणी पीत नाही."

ती जराशी हसली. सिस्टरांची नक्कल केली असं तिला वाटलं असावं. मग तिने गिलास उचलला. मी तिच्या घोटाला घोट लावून पीत राहिले. तिचं संपेपर्यंत मी गिलास तोंडापासून काढला नाही. तिने शेवटचा थेंबसुद्धा घेतला, गिलास गयाबाईंकडे केला आणि म्हणाली, "अजून द्या." स्वतः म्हणाली.

गयाबाईंनी डोळे पुसत तिसऱ्या गिलासाला हात घातला.

"त्यो नगं, आत्याबाई," रेणुका म्हणाली. "त्यो सिस्टरचा हाय. झाकून ठेवा. उन्हातनं येतील, आल्या आल्या लागंल त्यांना."

गयाबाईंनी एक वाटी घेतली आणि गिलासावर पालथी घातली.